खंडेनवमीच्या पाटावरचा डबा

कार्बोरेटरवर दोन स्क्रू असतात. एकानं इंजिन जागेवर किती वेगानं फिरत राहायचं ते ठरतं, दुसऱ्यानं हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या ज्या गॅरेजमध्ये मी डिप्लोमाची तीन वर्षं राहिलो, तिथले मिस्त्री हे दोन्ही स्क्रू कानानं लावायचे. हातभर रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि स्क्रू ड्रायव्हर केसभर इकडं, केसभर तिकडं. पाच मिनिटांत गाडी अशी शांत व्हायची की मालक विचारायचा, "बंद पडली काय?" मिस्त्री म्हणायचे, "हात लावून बघा की." अडत बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या गाड्या या कानासाठीच त्यांच्याकडं येत.

माझे वडील श्रीपूरला साखर कारखान्यात ऊस उतरवायच्या कामाला होते. घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकपर्यंतही गेलं नव्हतं. मिस्त्री मूळचे माळशिरसकडचे, वडिलांच्या ओळखीचे. होस्टेलला जागा मिळाली नाही तेव्हा त्यांनी गॅरेजचा पोटमाळा मला दिला. बदल्यात मी काही करावं असं त्यांनी कधी म्हटलं नाही. उलट मी ग्रीसच्या डब्याला हात लावला की ओरडायचे, "तू पुस्तकाला हात लाव. हितं हात काळे करायला मी हाय." मला ते बरं वाटायचं, आणि थोडी लाजही वाटायची.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीची गोष्ट. दारात एक टॅक्सी उभी होती. मिस्त्रींनी तिचे स्क्रू लावले, नळी खुंटीला अडकवली, आत बसले आणि सेल्फ मारला. इंजिन चालूच होतं. चालू इंजिनावर सेल्फ मारला की दातावर दात घासून जो आवाज होतो, तो रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू गेला. त्यानं मान वर केली. मिस्त्रींनी केली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सेल्फ मारला, आणि मग त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडं गेलं.

"चालू हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

टॅक्सी गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. "डावा जाऊन दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "उजवा ह्या उन्हाळ्यात चाललाय. कुणाला बोलू नको. पाना चालवणारा माणूस लोकांना कुटं बी मिळतो. माझ्याकडं कान हाय म्हणून येत्यात."

त्यानंतर एकदोनदा त्यांनी नळी माझ्या कानाला लावून बघितली. मला आवाज यायचा, पण त्यातला कुठला ऐकायचा ते कळायचं नाही. फुरफुर, सूं, टकटक, सगळं एकदम यायचं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "वीस वर्षं लागत्यात त्याला."

त्याच महिन्यात अप्पा आले. अप्पा धान्याचे मोठे अडत व्यापारी. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि रागात दोन्ही. त्यांची गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, गोल नाकाची विलायती. तिला आता अठरा-वीस वर्षं झाली असतील. दर दसऱ्याला अप्पा म्हाताऱ्या आईला, म्हणजे अव्वाला, त्याच गाडीतून शिलंगणाला नेत.

"एन इदु, मिस्त्री?" त्यांनी बॉनेटवर थाप मारली. "हे काय आहे? काल चौकात तीनदा बंद पडली. मागं ट्रक, पुढं पोलीस. अव्वा म्हणती, बैलगाडी जुंप. आणि पेट्रोल किती पिती! म्हशीला पाणी पाजल्यासारखं."

पेट्रोलचे भाव एकाएकी चढले त्याच्या पुढचंच ते वर्ष होतं. प्रत्येक जण पेट्रोलवरून सुरुवात करायचा.

"बघतो की," मिस्त्री म्हणाले.

"तू दोन महिने बघतोच आहेस. दसऱ्यापर्यंत थांबतो. नाही जमलं तर नाही जमलं म्हण, दुसरीकडं दाखवतो. तुझ्यावर राग नाही."

राग नसणं हेच वाईट होतं. अप्पांची गाडी दुसरीकडं गेली की पाठोपाठ सगळा अडत बाजार जाणार, हे मलासुद्धा कळत होतं.

संध्याकाळी मिस्त्रींनी कार्बोरेटर उतरवून फडक्यावर मांडला आणि एकेक भाग उजेडात धरून बघितला. "ह्यात खोट न्हाय," ते म्हणाले. "खोट माझ्यात हाय."

तेव्हा मी बोललो. खरं तर पंधरा दिवस मनात होतं, धीर होत नव्हता. कॉलेजच्या लायब्ररीत एका इंग्रजी मासिकात मी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनबद्दल वाचलं होतं. डिक्शनरी घेऊन तीन वेळा वाचलं होतं. कार्बोरेटर मुळात नसतोच. पेट्रोल एका विजेच्या पंपानं दाबात ठेवतात, आणि इंजेक्टर नावाच्या छोट्या तोट्या ते इंजिनात फवारतात. तोटी किती वेळ उघडी ठेवायची ते एक डबा ठरवतो. इंजिन किती गरम आहे, हवा किती ओढतंय, हे तारांवरून त्या डब्याला समजत राहतं.

मिस्त्री माझ्या ओठांकडं बघत होते. "म्हंजे ऐकायचं काम डबा करतो."

"तसं म्हणता येईल."

"म्हणता येईल, का हाय?"

"आहे," मी म्हणालो. मला खात्री नव्हती.

असली एक गाडी सोलापुरात होती. गिरणीत मशिनरी बसवायला आलेल्या एका जर्मन साहेबाची. पुण्याच्या रस्त्यावर ट्रकला धडकून तिचा पुढचा भाग चेपला आणि ती भंगारात गेली. इंजिन मागं असल्यामुळं त्याला काही झालं नव्हतं. त्याचं माप अप्पांच्या इंजिनाच्या जवळपास होतं, आणि डब्याचा सगळा हिशोब इंजिनाच्या मापावर बसवलेला असतो. मिस्त्रींनी भंगारवाल्याचा टेम्पो दुरुस्त करून दिला आणि त्यानं डबा, पंप, चार इंजेक्टर, तारांचा जुडगा, सगळं पोत्यात घालून दिलं. मी कॉलेजात हाच प्रोजेक्ट घेतला. सर म्हणाले, "चाललं तर मला बोलव. नाही चाललं तर का नाही चाललं ते लिहून आण."

अप्पांना विचारणं भाग होतं. मिस्त्रींनी सांगितलं, जुनं सामान काढून माळ्यावर ठेवतो, नाही जमलं तर होतं तसं करून देतो. अप्पांनी माझ्याकडं वळून विचारलं, "तम्मा, पोरा, हे कॉलेजात शिकवतात?"

"नाही अप्पा. पुस्तकात आहे."

"मग पुस्तकाला सांग, अव्वाला घरी चालत यायला लावू नको."

मी चार रात्री बसून ड्रॉइंग काढलं. चार सिलिंडर, हवेचे चार मार्ग, प्रत्येकात एक इंजेक्टर. शाईनं काढलं, मापं घातली. मिस्त्रींनी ते बराच वेळ बघितलं आणि मला गाडीपाशी नेलं. मॅनिफोल्ड, म्हणजे हवा-पेट्रोल आत नेणारी नळी, त्यांनी आधीच उतरवून ठेवली होती. माझं बोट धरून त्यांनी इंजिनाच्या अंगावरची भोकं मोजायला लावली.

"किती?"

"दोन."

"आन् कागदावर?"

त्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना मिळून हवेचं एकच भोक होतं. मी दोन वर्षं ती गाडी बघत होतो. मासिकातल्या चित्रात चार होती म्हणून मी चार काढली. मिस्त्री हसले नाहीत. "कागद चांगला हाय," म्हणाले, "इंजिन दुसरं काढलंयस." शेवटी त्यांनी भंगारातून तसाच दुसरा मॅनिफोल्ड आणला आणि त्याच्या प्रत्येक फाट्यावर दोन-दोन तोट्या शेजारी शेजारी बसतील अशी भोकं लेथवर पाडून आणली.

माझ्याकडून एक गोष्ट मात्र वेळेवर झाली. जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं असतं, जर्मन गाडीत उणं. तसंच जोडलं असतं तर डबा पहिल्याच सेकंदाला गेला असता. हे मला तारा जोडायच्या आदल्या दिवशी, कॉलेजातून चालत येताना सुचलं, आणि उरलेला रस्ता मी पळत आलो. मिस्त्रींनी त्या दिवशी चहावाल्याला सांगितलं, "आमच्या इंजिनेरला भजी दे."

दसऱ्याच्या तीन आठवडे आधी गाडी चालू झाली. पहिल्यांदा थरथरत होती. डब्याच्या कडेला पेट्रोल कमी-जास्त करायचं छोटं बटण होतं, पण ते कुठं थांबवायचं? पुन्हा कानाचाच प्रश्न. मिस्त्री बटण फिरवायचे, माझ्याकडं बघायचे, मी खांदे उडवायचो. वैतागून त्यांनी चहाची बशी इंजिनाच्या झाकणावर ठेवली. ठेवली आणि तिच्याकडंच बघत राहिले. बशीतल्या चहावर बारीक बारीक वलयं उठत होती. त्यांनी बटण थोडं फिरवलं. वलयं दाट झाली. उलट फिरवलं, विरळ झाली. अजून थोडं, आणि चहावर साय धरायला लागली.

मिस्त्रींनी तो चहा तसाच ठेवला. प्यायले नाहीत.

दोन आठवडे अप्पांची गाडी चौकात एकदाही बंद पडली नाही. पेट्रोलही कमी लागतंय असं ते म्हणत. खरंच लागत होतं की नवलाईमुळं वाटत होतं, मला सांगता येणार नाही. पण बाजारात ते सगळ्यांना सांगत सुटले की मिस्त्रीनं जर्मन गाडी केली. चार व्यापारी बॉनेट उघडून बघून गेले. मिस्त्रींची मान ताठ झाली होती. मीही सरांना दसऱ्यानंतर बघायला बोलावलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. एकदा पाटावर मांडली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. मिस्त्रींनी पाने धुऊन पुसून ओळीनं मांडले, जॅक मांडला, ती रबरी नळीसुद्धा मांडली. अप्पांची गाडी पूजेसाठी दोन दिवस आधीच गॅरेजात आणून धुऊन ठेवली होती. मिस्त्री तिच्याकडं गेले, तारांचा जुडगा सोडवला आणि डबा आणून पाटाच्या मधोमध ठेवला.

"गॅरेजातलं सगळ्यात मोठं हत्यार हे," ते म्हणाले. "आन् ह्या वर्षी पूजा तू करायची. शिकलेल्या माणसाचा हात लागू दे."

माझ्या वडिलांच्या पिढीतलं कुणी मला पाटासमोर बसवून असं म्हणेल, हे मला कधी वाटलं नव्हतं. मी आंघोळ करून धुतलेला शर्ट घालून बसलो. दोन दिवसांपूर्वी आत काय आहे ते बघायच्या हौसेनं मी त्या डब्याचं झाकण उघडलं होतं. परत लावताना कडेची रबरी पट्टी नीट बसली नव्हती आणि चारांपैकी दोनच स्क्रू आवळले होते. हे सगळं मला पाटासमोर बसल्यावर आठवलं. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळू का, असं विचारायचं होतं. पण देवाच्या कामात प्लॅस्टिक कसं म्हणायचं? मिस्त्रींच्या घरची माणसं हात जोडून उभी होती. मी फुलानं पाणी शिंपडलं. हळदकुंकू वाहिलं. मिस्त्रींनी पाटाच्या कडेला नारळ फोडला, आणि त्याचं पाणी पान्यांवर, झेंडूवर, डब्यावर उडालं. मी ते बघितलं आणि गप्प बसलो.

दसऱ्याला सकाळी पाट हलवला. डबा जागेवर बसवून मिस्त्रींनी किल्ली फिरवली. पंप घरघरला. मग रबर जळाल्यासारखा वास आला आणि डब्याच्या फटीतून धुराची एक रेघ निघाली. मी बॅटरीची तार उपटली तोपर्यंत सगळं झालं होतं. झाकण काढलं तर आतल्या सर्किटच्या पट्टीवर कुंकवाचा ओघळ होता, आणि त्याच्या शेवटाला काळा डाग.

"माझ्यामुळं झालं," मी म्हणालो.

मिस्त्री डब्यात बघत होते.

"मिस्त्री, माझ्यामुळं झालं."

त्यांना ऐकू गेलं नाही. माझा आवाज मुळात बारीक. मी त्यांच्या समोर जाऊन ओरडलो, "माझ्यामुळं झालं! झाकण मी नीट लावलं नव्हतं! पाणी शिंपडताना मला माहीत होतं!"

चहावाल्याकडची चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले.

"माहीत हुतं तर बोलला का न्हाईस?"

"बोलता आलं नाही."

त्यांनी डब्याचं झाकण परत ठेवलं. "नारळ मी फोडला," ते म्हणाले. "माज्याबी डोळ्यांदेखत उडालं की. मला वाटलं, शिकलेला बसलाय, त्याला कळतंय." मग उठून त्यांनी पाटावरचा पहिला पाना उचलला. "माळ्यावर चढ. कार्बोरेटर काढ. अप्पा चारला येणार."

त्या दिवशी त्यांनी मला ग्रीसला हात लावू नको म्हटलं नाही. जुना मॅनिफोल्ड बसवला, जुन्या पंपाच्या नळ्या जोडल्या, कार्बोरेटर चढवला. तीनच्या सुमाराला गाडी चालू झाली, पण नुसती चालू. ॲक्सिलरेटर सोडला की बंद पडायची. स्क्रू लावायचे राहिले होते, आणि तेवढ्यात अप्पा आले. नवं धोतर, हातात आपट्याच्या पानांची जुडी. रिक्षातून अव्वाही उतरली.

"झालं काय?" अप्पांनी विचारलं.

मिस्त्रींची पाठ त्यांच्याकडं होती. त्यांनी सवयीनं पाटावरची नळी उचलली, कानाला लावली, डोळे मिटले. स्क्रूला हात लावला नाही. नळी कानाला धरून ते नुसते उभे राहिले. मला वाटतं, आपल्याला किती ऐकू येतंय ते त्यांनी शेवटचं बघून घेतलं असावं. मग डोळे उघडून त्यांनी नळी गुंडाळून बाजूला ठेवली, आणि चहावाल्याकडं हात केला. "बशी आण. भरून."

"चहा नंतर पी रे," अप्पा मागून म्हणाले. "अव्वा उभी आहे."

उत्तर आलं नाही. अप्पांनी पुन्हा हाक मारली, "मिस्त्री?" मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. कुणाला बोलू नको, असं मला सांगितलेलं होतं. मी खाली बघितलं.

मिस्त्रींनी बशी इंजिनाच्या झाकणावर ठेवली. मला ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवायला लावला. एक स्क्रू थोडा आत, दुसरा थोडा बाहेर. चहा कडेनं सांडत होता. हळूहळू सांडायचा थांबला. मग वलयं. मिस्त्रींनी बोटानं खूण केली तसा मी पाय काढला. इंजिन चालू राहिलं. त्यांनी अजून एकदा केसभर फिरवलं आणि मागं सरून अप्पांकडं वळले.

अप्पा बशीत बघत होते. त्यांनी बॉनेटच्या कडेला तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला.

"जर्मन डबा गेला," मिस्त्री म्हणाले. "आन् माझा कान बी गेला, अप्पा. आधीच सांगायला पायजे हुतं."

अप्पा फिरून त्यांच्या समोर आले आणि एवढ्या मोठ्यानं बोलले की अव्वा दचकली. "गाडी चालली ना? मग मला काय तुझ्या कानाशी लग्न करायचंय? पण चौकात बंद पडली तर ती बशी तुझ्या डोक्यावर फोडतो." जुडीतली दोन पानं काढून त्यांनी मिस्त्रींच्या तेलकट हातात ठेवली, एक माझ्या. अव्वा तोवर मागच्या सीटवर जाऊन बसली होती. "साकु," ती आतून म्हणाली. "नडी." पुरे झालं, चला.

चौक ओलांडून गाडी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दारात उभे होतो.

अप्पांच्या पोटात काही राहत नाही. दिवाळीपर्यंत बाजारात सगळ्यांना कळलं. तीन गाड्या दुसरीकडं गेल्या. बाकीच्या राहिल्या, आणि काही जण तर नुसती बशी बघायला यायचे. मिस्त्रींनी त्यासाठी काचेची एक उथळ वाटी आणली आणि त्यात ते चहाऐवजी पाणी घालायला लागले. आता सगळे त्यांच्याशी समोर येऊन, मोठ्यानं बोलायचे. त्यांना ते आवडायचं नाही, पण काम मिळायचं.

प्रोजेक्ट बघायला सर आलेच नाहीत, कारण बघायला काही उरलं नव्हतं. मी का नाही चाललं ते लिहून नेलं. त्यात 'आर्द्रतेमुळे बिघाड' असं एक वाक्य होतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच धरलं.

"बंद डब्यात पाणी आलं कुठून?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी फुलापासून नारळापर्यंत सगळं सांगितलं. झाकण, रबरी पट्टी, मला आधी माहीत होतं हेही. सांगताना आवाज थोडा चढला असावा, कारण परीक्षक म्हणाले, "हळू बोला, मला ऐकू येतंय."

मी माफी मागितली. गॅरेजची सवय आहे, म्हणालो.